सात नंबरचं तिसरं वेत

आमच्या शेडच्या भिंतीवर खिळ्यांना कार्डं टांगलेली आहेत. प्रत्येक डुकरिणीचं एक. वर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि खाली सहा चौकोन. एका चौकोनात एक वेत: कधी व्याली, किती पिल्लं झाली, दूध तोडेपर्यंत त्यातली किती जगली. कार्डं मीच आखली, पट्टी आणि बॉलपेन घेऊन, कारण घरात माझं अक्षर त्यातल्या त्यात बरं. नवऱ्याला प्रशिक्षणात सांगितलं होतं की नीट सांभाळलेली मादी सहा वेतं सहज देते, आणि तेवढी दिली तरच तिला लहानाची मोठी केल्याचं सार्थक होतं. म्हणून सहा चौकोन.

पहिली दीड-दोन वर्षं एकाही कार्डावर दुसऱ्याच्या पुढचा चौकोन भरला गेला नाही. दोन वेतं झाली की डुकरीण माजावर येईना, किंवा आली तरी पुन्हा पुन्हा उलटायची, गाभण राहायची नाही. मग भाकड जनावर किती दिवस पोसायचं, असा विचार व्हायचा आणि ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढायची. तिचं कार्ड मी खिळ्यावरून उतरवून डब्यात टाकायचे. डब्यात अशी बरीच कार्डं साठली होती, सगळी खालून कोरी.

सात नंबरच्या कार्डावरही दोनच चौकोन भरले होते, आणि टेम्पोचा वार ठरला होता.

आमची वस्ती नेवाशापासून काही अंतरावर, पाटाच्या कडेला आहे. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला होता. कंत्राट संपलं तेव्हा तो घरी आला आणि महिनाभर मोबाईलवर काहीबाही बघत बसला. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "आपण डुकरं पाळायची." माझी भाकरी तव्यावर करपली. आत्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, नातं असो वा नसो. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आत्यांचा. त्यांनी मुलाला नको म्हटलं नाही. शेड घरापासून लांब, बांधापलीकडे घालायचं, एवढंच सांगितलं, आणि शेडवर जाऊन आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय चुलीकडे फिरकायचं नाही. वस्तीवरचे लोक बरेच दिवस "तुमच्या पांढऱ्या म्हशी काय म्हणतात?" असं विचारायचे. नवरा म्हणायचा, "मजेत हायेत." मला सुरुवातीला लाज वाटायची. नंतर कामच इतकं पडलं की लाजायला सवड राहिली नाही.

शेडबद्दल लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं तसं काही नसतं. मोठ्या पांढऱ्या जातीची जनावरं, सिमेंटचा कोबा, पत्र्याचं छत, दिवसातून दोनदा धुणं. डुक्कर स्वतःच्या झोपायच्या जागी घाण करत नाही, कोपरा ठरवून घेतं. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुमच्या घरातल्या मोरीपरीस बरं." 'तुमच्या' म्हणजे माझ्या माहेरच्या. माझं माहेर मिरजगावकडचं, तिथे पाणी टँकरनं यायचं आणि मोरी आठवड्यातून एकदा धुतली जायची. आत्या ते विसरल्या नव्हत्या.

त्या पहिल्यांदा शेडवर आल्या त्या सात नंबरच्या पहिल्या वेताला. नवरा मक्याचा भरडा आणायला नेवाशाला गेला होता. दुपारी मी शेडवर गेले तर सात नंबर उठत होती, बसत होती, पायांनी पेंढा ओढून गोळा करत होती. मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. पहिलं पिल्लू बाहेर आलं आणि ती त्यालाच घाबरली. हे काय आपल्या पाठीमागून आलं, अशी वळून त्याच्यावर धावली. मी प्रशिक्षणाचं पुस्तक हातात धरून कठड्याबाहेर उभी होते. पुस्तकात हे पान कुठे आहे ते सापडत नव्हतं.

आत्या मला हाक मारायला आल्या होत्या, मुलीची शाळेची गाडी आली म्हणून. नाकाला पदर लावून दारात थांबल्या. आत बघितलं. मग पदर नाकावरून काढून कमरेला खोचला.

"सरक," मला म्हणाल्या.

त्या आत जाऊन सात नंबरच्या पाठीशी खाली बसल्या आणि तिच्या पोटावरून तळहात फिरवायला लागल्या. तोंडानं काहीतरी बोलत होत्या. ऐकू येत होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. डुकरीण हळूहळू आडवी झाली. अकरा पिल्लं झाली. प्रत्येक पिल्लू आत्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसलं आणि सडाला लावलं. संध्याकाळी हात धुताना म्हणाल्या, "पहिलटकरीण हाय. भ्याली हुती, दुसरं काय न्हाई."

वस्तीवर बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा सव्वा महिना अजून आत्यांच्या ताब्यात असतो. बाळाला अंघोळ घालायला, बाळंतिणीला शेक द्यायला त्यांनाच बोलावतात. त्यांच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणतात आणि ते खोटं नाही. त्या दिवसापासून आमच्या शेडमधलं विणंही त्यांच्याकडे गेलं. नवऱ्याला बरंच झालं. आईची नाराजी गेली आणि विताना पिल्लं दगावायची कमी झाली. चुलीकडे यायच्या आधी अंघोळ करायचा नियम मात्र कायम राहिला. आता तो त्या स्वतःही पाळायच्या.

व्यालेल्या डुकरिणीला त्या जे करायच्या ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. कठड्याभोवती गोणपाटं बांधून वारा अडवायचा. शेगडीत निखारे घालून ओवा आणि बाळंतशेपेची धुरी द्यायची. बाजरीची पेज गूळ घालून पाजायची. आणि पाणी मोजून द्यायचं. प्रत्येक कप्प्यात पाण्याचं निपल आहे, जनावर तोंडानं दाबतं आणि पाणी येतं. ते आत्या कॉक फिरवून बंद करायच्या. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली, तेही कोमट करून, ओवा टाकून. बाळंतिणीनं गार पाणी ढोसलं की पोट सुटतं, अंगात वात धरतो, दूध पातळ होऊन पोराला बाधतं. सव्वा महिना संपला की निपल चालू. आम्ही पिल्लांचं दूध साधारण तेव्हाच तोडायचो, त्यामुळे हिशोब बरोबर जुळायचा.

मला यात काही चूक दिसली नाही. नवऱ्याला दिसली नाही. दोन बादल्या पाणी माणसाला डोळ्यांनी भरपूर वाटतं. शिवाय पाट कडेला वाहतो आहे, पाण्याची तंगी कुणालाच नाही. पाण्याकडे बघायचं कारणच काय?

बघायला दुसरं पुष्कळ होतं. सव्वा महिन्यानं डुकरीण बाहेर यायची ती कणा वर आलेली, कमरेची हाडं दिसणारी. पिल्लं एकसारखी नसायची, चार धट्टीकट्टी आणि बाकीची मरतुकडी. नवऱ्यानं खापर फोडायला एकेक जागा शोधली. आधी नर बदलला. मग पेंड बदलली. मळी बंद केली, मळी चालू केली. खनिज मिश्रणाच्या पुड्या आल्या. मोबाईलवरच्या ग्रुपवर कुणी जात खराब म्हणायचं, कुणी कोबा. आत्या ऐकून घ्यायच्या आणि पेजेत गूळ थोडा वाढवायच्या. त्यांचा जीव त्या जनावरांत, विशेषतः सात नंबरात गुंतला होता, हे मी ओळखून होते. डुकरीण टेम्पोत चढली की त्या दिवशी त्यांना भाकरी जात नसे. पण बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही.

सात नंबर दुसऱ्या वेताला सात पिल्लं व्याली, त्यातली चार जगली. दूध तोडल्यावर आठवड्यात ती माजावर यायला हवी होती. आली नाही. महिना झाला, वर दिवस चालले. रोज सकाळी आत्या तिच्या पाठीवर दोन्ही हात दाबून बघायच्या. माजावर आलेली मादी हात दाबला की जागच्या जागी ठाम उभी राहते. सात नंबर चालू लागायची. नवऱ्यानं व्यापाऱ्याला फोन करून पुढच्या खेपेला तिचा आणि दोन नंबरचा वार ठरवला.

त्याच आठवड्यात चार नंबर आजारी पडली. व्याल्याला पाच दिवस झाले होते. एप्रिलचं ऊन, गोणपाटं बांधलेली, शेगडी चालू. तिनं खाणं सोडलं, कास दगडासारखी टणक झाली, पिल्लं सडाला लागून किंचाळत सुटली. जनावरांचे डॉक्टर आले. तरुण होते, फारसं बोलत नव्हते. ताप बघितला, शेण बघितलं. मग निपल दाबून बघितलं. पाणी आलं नाही.

"हे बंद का?"

"मी केलंय," आत्या म्हणाल्या. "ओली बाळंतीण हाय."

डॉक्टरांनी कॉक फिरवला आणि चार नंबरच्या तोंडाशी निपल दाबून पाण्याची चिळकांडी उडवली. ती पडल्या पडल्या चाटायला लागली. मग धडपडत उठली आणि निपल तोंडात घेतलं.

तिनं ते सोडलं नाही. सुरुवातीला आम्ही साधं बघत होतो. मग कठड्याशी सरकलो. तिच्या घशाचा आवाज येत होता, घट घट, मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबली, की पुन्हा. पाठीमागे पिल्लं ओरडत होती, त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. नवरा घड्याळात बघत होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं भरली, टोचली, बॅग बंद केली, तरी ती पीतच होती.

"दूध म्हणजे पाणीच की, मावशी," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. "अकरा तोंडं तिला ओढतायत. दोन बादल्यांत काय होणार? पाणी नाही म्हणून खाणं नाही, खाणं नाही म्हणून ती स्वतःच्या अंगातलं काढून दूध देते. पुढच्या वेताला अंगात काही उरतच नाही. शेगडी काढा. गोणपाटं काढा. पाणी तिला पाहिजे तेवढं, पाहिजे तेव्हा."

जाताना त्यांनी सात नंबरलाही बघितलं. "ही भाकड नाही," म्हणाले. "रिकामी झालीय. भरून येऊ द्या."

 आत्यांनी गोणपाटाच्या सुतळ्या सोडल्या, शेगडी उचलली आणि घराकडे चालू लागल्या. मी तिथेच उभी राहिले. मी आजारी जनावराकडे बघते आहे असं नवऱ्याला वाटलं असेल.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझी आई तेव्हा पाय मोडून पडली होती, म्हणून माझं सासरीच झालं. मे महिना होता. मागच्या खोलीची खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, कानाला घट्ट फडकं. पाण्याचे दिवसाला दोन तांबे, उकळून, ओवा घालून. मला ओव्याचा वास अजून सहन होत नाही. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटायची. बाळाला अंघोळ घालून झाली की ओला पंचा मी उशीखाली घ्यायचे आणि सगळ्या बाहेर गेल्या की चोखायचे. खिडकीच्या पलीकडे पाट वाहायचा, त्याचा आवाज यायचा. दुष्काळी गावातून मी पाण्याच्या गावात दिलेली, याचं माझ्या वडिलांना कौतुक होतं.

मला दूध आलं नाही. म्हणजे आलं, पण पुरलं नाही. मुलगी रडून रडून निळी पडायची. पंधराव्या दिवशी पावडरचा डबा आला. बघायला येणाऱ्या बायका डब्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे. "हिच्या अंगालाच दूध न्हाई," असं दारात उभ्या राहून एकीनं दुसरीला सांगितलं. ते मी ऐकलं आणि मान्य केलं. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की मी काहीतरी कारण काढायचे. माझ्या अंगाला जे नाही ते पुन्हा सगळ्यांसमोर कशाला मांडायचं, असं वाटायचं. पुढे विषय निघायचा बंद झाला. माझं कार्ड असतं तर त्यावर एकच चौकोन भरलेला असता.

चार नंबर पिऊन झाली आणि पिल्लांजवळ आडवी पडली. मला राग आला. मी इतर वेळी मनात येईल त्याला नाव देत बसत नाही, पण हा सरळ राग होता, आणि तो आत्यांवर होता.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. भाजी काय करू, गाडी आली, दळण संपलं. त्यांनीही विचारलं नाही. त्या शेडवर यायच्या बंद झाल्या होत्या. सहा नंबर व्याली तेव्हा नवऱ्यानं हाक मारली तर म्हणाल्या, "तुमचं तुमी बघा." वस्तीवरच्या एका घरी सून बाळंत होऊन आली, तिथला निरोप आला, तर अंगात कणकण आहे म्हणून गेल्या नाहीत. सकाळी मात्र बांधापर्यंत यायच्या. तिथून सात नंबरचा कप्पा दिसतो. थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परत जायच्या.

चार नंबर आठवड्यात सावरली. तिची पिल्लं एकसारखी वाढू लागली. हे मी कार्डावर लिहिलं. घरात सांगितलं नाही, पण आत्यांना ते माझ्याआधी कळलं असणार.

टेम्पोचा दिवस आला. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. व्यापारी फळी लावून तयार होता. दोन नंबर चढली. नवरा सात नंबरचा कप्पा उघडायला वळला तर कप्प्याच्या दाराशी घमेलं पालथं घालून आत्या बसल्या होत्या. कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही.

"आई, उठ," नवरा म्हणाला.

"डागदर काय म्हनला? भरून येऊ द्या म्हनला."

"किती दिवस? दोन महिने होत आले. नुसती खातीय."

आत्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. सांगायच्या, मागायच्या नाहीत.

"तू सांग त्याला," म्हणाल्या.

मी खरं ते लिहिते. त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे. चढू दे टेम्पोत. त्यांना कळू दे एकदा. नवरा माझ्यापुढे हात करून उभा होता, कार्ड उतरवून दे म्हणून. जनावरामागे त्याचं कार्ड व्यापारी मागत नाही, पण ते भिंतीवर राहिलं तर गोंधळ होतो, म्हणून आमची ती रीत होती. मी खिळ्यापाशी गेले आणि कार्डाला हात घातला. वर दोन चौकोन माझ्या अक्षरात भरलेले. अकरा, त्यातली सहा. सात, त्यातली चार. खाली चार कोरे.

तिच्या अंगात नव्हतं म्हणून ते कोरे नव्हते. आम्ही तिचं पाणी तोडलं होतं, आणि आता त्याचंच कारण देऊन तिला बाहेर काढत होतो. हे मी कुणापेक्षाही जास्त ओळखत होते. आत्यांना शिक्षा करायला मला हिच्याशिवाय दुसरं कुणी मिळू नये, याची मला लाज वाटली.

"हिला ठेवायची," मी म्हणाले. "तीन आठवडे."

"आणि नाहीच आली तर?"

"तर मीच चढवीन."

व्यापाऱ्यानं फळी काढली. जाता जाता तो हसत म्हणाला, "वहिनींची म्हैस दिसतीय ही."  आत्या घमेल्यावरून उठल्या, घमेलं सरळ केलं आणि ते घेऊन झाडलोटीला लागल्या.

तीन आठवडे आम्ही सात नंबरला खाऊ घातलं. निपल चोवीस तास चालू. उन्हाच्या वेळी पत्र्यावर पाणी मारायचं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की तिला रोज थोडा वेळ नराच्या कठड्याजवळून फिरवा, वास लागू द्या. ते काम आत्यांनी घेतलं. हातात काठी, डोक्यावर पदर, पुढे सात नंबर. वस्तीवरून बघणाऱ्यांना ती करमणूक होती. आम्ही दोघी शेजारी शेजारी काम करायचो आणि बोलायचो नाही. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. कण्यावर मांस चढू लागलं, पण पाठीवर हात दाबला की ती चालू लागायची. मी मनात दिवस मोजत होते, आणि आत्याही मोजत असणार.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी चारा टाकत होते. आत्या तिच्या कप्प्यात होत्या. बराच वेळ काही हालचाल नाही म्हणून मी वळून बघितलं. त्यांनी दोन्ही हात तिच्या पाठीवर दाबून धरले होते आणि सात नंबर उभी होती. हलत नव्हती. आत्या थोडं अंग टाकून रेलल्या. तरी हलली नाही.

"उभी ऱ्हायली," त्या हळूच म्हणाल्या. जोरात बोललं तर ती चालू लागेल असं त्यांना वाटत असावं.

डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. हा हिशोब इतका सोपा आहे की आत्यांनी तो एकदाच ऐकला आणि पाठ केला. मध्ये पावसाळा लागला. आत्या पुन्हा शेडवर येऊ लागल्या, पण दारात थांबायच्या, हात लावायच्या आधी नवऱ्याला विचारायच्या. मला ते बघवत नसे. माझा राग होता तिथेच होता, तरीही बघवत नसे.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सात नंबरनं पेंढा ओढायला सुरुवात केली. सकाळी मी आत्यांना सांगायला घरात गेले तर त्या आधीच पदर खोचून उभ्या होत्या. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं. मी चला म्हणाले.

विणं सकाळभर चाललं. तिसऱ्या वेताची डुकरीण घाबरत नाही, तिला ठाऊक असतं. आत्या पाठीशी बसून पोटावर हात फिरवत राहिल्या. मी पिल्लं पुसली. बारा झाली. एक मेलेलं निघालं, अकरा जिवंत. शेगडी नव्हती. गोणपाट नव्हतं. खुल्या बाजूनं वारा येत होता. सगळं आटोपल्यावर मी निपलाचा कॉक बघायला गेले तर तो उघडा होता. आत्यांनी सकाळी आल्या आल्याच बघून ठेवला होता.

थोड्या वेळानं सात नंबर उठली. पिल्लं सडावरून गळून बाजूला पडली. ती दोन पावलं चालली आणि निपल तोंडात घेतलं. आम्ही दोघी कठड्याला टेकून बघत होतो.

"मला एक तांब्या हुता," आत्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"ह्याच्या वक्ताला." म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. "उन्हाळाच हुता माझा बी. माझी सासू एकच तांब्या द्यायची दिसाचा. लई तान लागायची गं. मी मनाशी ठरवलं हुतं, माझी सून आली की तिला एवढं न्हाई करायचं." त्या सात नंबरकडेच बघत होत्या. "तुला मी दोन केले. मला वाटलं, लई झालं."

मी त्यांना माझ्या रागाबद्दल कधी बोलले नव्हते. डॉक्टर येऊन गेले त्या दिवसापासून त्यांनी तो स्वतःच ताडला होता आणि इतके महिने सोबत बाळगला होता. चौदा वर्षं मी त्या दोन तांब्यांत काय कमी होतं तेवढंच मनात धरून होते. त्यातला एक त्यांनी पदरचा घातला होता, हे मला ठाऊक नव्हतं. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण तो आता त्यांच्यावर ठेवता येईना.

मी भिंतीवरचं कार्ड काढून तिसऱ्या चौकोनात तारीख लिहिली, खाली अकरा लिहिलं. मग दाराशी ठेवलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि आत्यांना दिला. सकाळपासून त्या तशाच बसल्या होत्या. त्यांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.